कॉइल, गॅस्केट आणि रोज एक पोतं मीठ

आमच्या गीझरमधून रवा भाजल्यासारखा आवाज यायचा. थंडीत पहाटे उठल्यावर तो ऐकला की बरं वाटायचं, पाणी तापतंय म्हणायचं. कॉइलवर साचलेल्या क्षारांच्या थराखाली वाफ अडकते आणि तडतडते, तो तिचा आवाज असतो हे कळायला मला दीड वर्ष आणि सत्तावीस हजार रुपये लागले. बिलं जपून ठेवायची सवय आहे, त्यामुळे आकडा अंदाजे नाही.

आम्ही नोव्हेंबर २०१९ मध्ये पुण्यालगतच्या वाघोलीत राहायला आलो. ८४ फ्लॅटची सोसायटी, तीन बोअर, आणि फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत टँकर. माझं माहेर सदाशिव पेठेतलं. तिथे नळाला खडकवासल्याचं पाणी, म्हणजे सह्याद्रीवर पडलेला पाऊस, जेमतेम क्षार असलेला. आईकडचा गीझर २००२ चा आहे आणि त्याची कॉइल आजवर एकदाच बदलली आहे. त्यामुळे पाण्याने यंत्रं खराब होतात ही गोष्ट माझ्या डोक्यातच नव्हती. आल्या-आल्या तूरडाळ शिजेना तेव्हा मी दुकानदाराला दोष दिला. टॉवेल पापडासारखे कडक वाळायला लागले तेव्हा साबण पावडरला.

डिसेंबर २०२१. गीझर बंद पडला. दुरुस्तीवाल्या दादांनी खालची प्लेट काढली आणि कॉइल बाहेर ओढली. बोटाएवढी जाड असायला हवी ती मनगटाएवढी झाली होती. वर पांढरट-पिवळा, खरबरीत थर. दुधाच्या पातेल्याच्या तळाला खरवड धरते तसा, फक्त दगडासारखा. शेजारी अ‍ॅनोड रॉड नावाची मॅग्नेशियमची कांडी असते, टाकी गंजू नये म्हणून ती स्वतः झिजते. आमच्याकडे तिची नुसती तार उरली होती. "ताई, बोअरचं पाणी ना? मग हे असंच," एवढं बोलून त्यांनी बिल केलं: कॉइल ८५०, रॉड ४००, गॅस्केट ८०, व्हिजिट ४५०. एकूण १,७८०. वॉरंटीत बसेल का म्हणून कार्ड काढलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं की पाण्यातल्या क्षारांमुळे झालेला बिघाड वॉरंटीत येत नाही. तुमचंही कार्ड आताच काढून वाचा.

लेक तेव्हा आठवीत होती. तिने त्या थराचा एक खडा वाटीत घेतला आणि त्यावर अर्धं लिंबू पिळलं. खडा फसफसायला लागला. दहा मिनिटांनी वाटीत गढूळ पाणी आणि अर्धा झालेला खडा उरला. "आई, हे कॅल्शियम कार्बोनेट. आमच्या पुस्तकात दुष्फेन पाणी म्हणतात." पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की न विरघळणारं कार्बोनेट तयार होतं आणि जिथे सगळ्यात गरम असेल तिथे चिकटतं, हे तिनेच मला समजावलं. म्हणजे कॉइलवर. थर जमला की उष्णता पाण्यात जात नाही, कॉइल आतल्या आत तापत राहते आणि एक दिवस उडते. मला सगळं पटलं. पटून मी काय केलं? काहीच नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दुसरी कॉइल गेली (१,९५०). त्याच हिवाळ्यात वॉशिंग मशीनचा हीटर (५,३००). मध्ये मी दोन उपाय विकत घेतले. एक, शॉवरला लावायचा फिल्टर, १,८००. त्या मुठीएवढ्या नळकांड्यात रोजचं शेकडो लिटर पाणी मऊ करण्याएवढा माल मावूच शकत नाही, हा हिशेब मी नंतर शिकले. दुसरा, पाइपवर गुंडाळायचं एक विजेचं यंत्र, ६,५००. त्याचा हिरवा दिवा छान लागायचा. ९ जून २०२३ ला गीझरची टाकीच गळायला लागली आणि नवा गीझर घ्यावा लागला, ९,८००. त्या दिवशी मी पहिल्यांदा यंत्राऐवजी पाण्याकडे बघायचं ठरवलं.

इथे एक चूक जवळजवळ सगळेच करतात, मीही केली. पिण्याच्या पाण्याचं मशीन विकणाऱ्याने पूर्वी कधीतरी पेनासारखा मीटर बुडवून "७८० टीडीएस, फार जड पाणी आहे" असं सांगितलं होतं. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून. त्यातलं मीठ किती आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम किती हे तो मीटर सांगत नाही. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजून अंदाज देतो. कॉइलचा शत्रू कठीणपणा, म्हणजे हे कॅल्शियम-मॅग्नेशियम, आणि तो वेगळा तपासावा लागतो.

१४ जूनला नमुने घेऊन शहरातल्या एका मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत गेले. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांतही पाणी तपासून मिळतं. मला रजा एकाच दिवसाची होती म्हणून जवळचं गाठलं. एका नमुन्याचे १,४०० रुपये, असे दोन: एक मोठ्या बोअरचा, एक जमिनीखालच्या टाकीतला, जिथे तिन्ही बोअर आणि टँकर एकत्र होतात. जाण्याआधी माहीत असावं असं थोडं: एक लिटरची स्वच्छ प्लास्टिक बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, वर जागा, तारीख, वेळ लिहा. नळ आधी दोन-तीन मिनिटं सोडून द्या. जंतूंची तपासणी हवी असेल तर बाटली त्यांच्याकडूनच निर्जंतुक घ्यावी लागते, घरची चालत नाही. अर्जावर नुसतं "पाणी तपासणी" लिहू नका. एकूण कठीणपणा, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कता, क्लोराइड, लोह, टीडीएस आणि सामू (पीएच), एवढं नावानिशी लिहा. लोह कशाला, असं मला वाटलं होतं. सॉफ्टनर म्हणजे पाणी मऊ करायचं यंत्र; त्यात क्षार पकडणारं जे रेझिन असतं त्याला लोह खराब करतं, म्हणून आधी कळलेलं बरं. आणि शक्य असेल तर तपासणी पावसाआधी करा. पावसाळ्यानंतर बोअरचं पाणी पातळ होतं, आकडे गोंडस येतात आणि यंत्रणा लहान घेतली जाते.

पाच दिवसांनी रिपोर्ट आला. बोअर: एकूण कठीणपणा ६४०. टाकी: ५२०. दोन्ही मिलिग्रॅम दर लिटरला, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, १०५०० क्रमांकाच्या, २०० पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या, असं आहे. लोह नगण्य होतं, ही एक चांगली बातमी.

थोडं विषयांतर. वाघोलीच्या दगडखाणी जगभरच्या खनिजवेड्यांना माहीत आहेत, कारण कॅव्हॅन्साइट नावाचे निळेशार स्फटिक तिथे मिळतात. नावातला पहिला तुकडा कॅल्शियमचा. आपल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची पांढरी खनिजंही भरलेली असतात. गंमत अशी की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाणी मऊ करायची जी पहिली यंत्रं आली, ती झिओलाइटच्याच गुणावर चालायची: कॅल्शियम धरून ठेवायचं, बदल्यात सोडियम सोडायचं. म्हणजे ज्या दगडातून झिरपत आमचं पाणी जड होतं, त्याच्याच पोटात त्यावरचा इलाज. हे वाचलं त्या रात्री मी नवऱ्याला उठवून सांगितलं. त्याने "बरं" म्हणून कूस बदलली.

आता प्रश्न होता, आपल्यापुरता सॉफ्टनर बसवायचा की सोसायटीचा. आमच्याकडे गच्चीवरून फ्लॅटमध्ये तीन वेगळ्या लाइनी उतरतात, त्यामुळे एका फ्लॅटचं काम करायला तीन बाथरूमना तीन यंत्रं लागली असती. तुमच्याकडे एकच लाइन येत असेल तर घरापुरतं करता येईल. आम्हाला सोसायटीशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि खरा डोंगर तिथे सुरू झाला.

जुलैत कमिटीला रिपोर्ट जोडून पत्र दिलं. पोच घेतली. (कायम दोन प्रती न्या, एकीवर सही-शिक्का-तारीख घ्या.) १० सप्टेंबर २०२३ ला वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. माझा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता; "आयत्या वेळचे विषय" मध्ये घेऊ म्हणाले. चर्चा झाली, चाळीस मिनिटं झाली, प्रत्येकाने आपल्या नळाची कहाणी सांगितली. मग सेक्रेटरी म्हणाले की आयत्या वेळच्या विषयात एवढ्या खर्चाचा ठराव करता येत नाही, नोटिशीत विषय असायला हवा. बरोबरच होतं ते, पण मला रडू यायचं बाकी होतं. विशेष सभा बोलवायचं ठरलं, आणि तोवर तीन कोटेशनं आणायचं काम ज्याने विषय काढला त्याच्याच गळ्यात पडलं.

कोटेशनं आली ३ लाख ४०, ४ लाख १५ आणि ५ लाख ९० हजारांची, वर १८ टक्के जीएसटी. पहिल्याने पाणी न तपासता, "८४ फ्लॅट ना, मग हे मॉडेल" असं दिलं. मधल्याने कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला, तो मी वहीत उतरवून घेतला, कारण त्यानंतर मला कोणी फसवू शकलं नाही. फ्लशला आमच्याकडे एसटीपीचं, म्हणजे सोसायटीतच शुद्ध केलेल्या सांडपाण्याचं, पाणी जातं, ते वगळून दिवसाला साधारण ३०,००० लिटर. त्यातलं तीन चतुर्थांश पाणी सॉफ्टनरमधून जाऊ द्यायचं, उरलेलं तसंच मिसळायचं. म्हणजे नळाला दीडशेच्या आसपास कठीणपणा राहतो. अगदी शून्यावर आणण्यात अर्थ नाही, मीठ वाया जातं आणि पाणी बुळबुळीत लागतं. २२,५०० लिटर गुणिले ५२०, म्हणजे रोज पावणेबारा किलो क्षार पकडायचे. एक लिटर रेझिन साधारण ५५ ग्रॅम पकडतं, म्हणून थोडं जादा धरून २५० लिटर रेझिन. ते भरलं की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा ताजं करायचं, त्याला २५ किलो मीठ. रोज रात्री एक पोतं. एका पोत्याचे २७० रुपये, महिन्याचे ८,१००, दर फ्लॅटला ९६ रुपये. पहिल्या कोटेशनमधलं मॉडेल या हिशेबात निम्म्या दिवसात दमलं असतं.

२६ नोव्हेंबरला विशेष सभा. अकराची वेळ, अकराला तेरा डोकी. गणपूर्तीला वीस हवेत. अर्धा तास मी जिन्यातून फोन करत होते. शेवटी चाळीस जण जमले. आक्षेप तीन प्रकारचे आले. माझा फ्लॅट भाड्याने आहे, मी कशाला देऊ? धरणाचं पाणी येईल तेव्हा हे यंत्र भंगारात जाईल, मग? आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा: "अगं, मिठाचं पाणी पिऊन माझं बीपी वाढायचं." पहिल्याला चेअरमनकाकांनी उत्तर दिलं, दुसऱ्याला खरं उत्तर नव्हतंच. काकूंचा मुद्दा मात्र रास्त होता. मीठ नळात येत नाही, ते धुण्यापुरतं असतं. पण कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं हे खरं. आमच्या बाबतीत लिटरमागे साधारण पावणेदोनशे मिलिग्रॅम. स्वयंपाकघरात आरओ असेल तर तो सोडियम काढून टाकतो. ज्यांच्याकडे आरओ नाही आणि मीठ कमी खायला सांगितलं आहे, त्यांच्यासाठी पार्किंगमध्ये सॉफ्टनरच्या आधीचा एक नळ ठेवायचं ठरलं. त्या नळाने ठराव पास झाला असं माझं मत आहे. ३१ विरुद्ध ९.

फ्लॅटमागे ६,३०० रुपये वर्गणी. ७३ फ्लॅटचे पैसे जानेवारीअखेर आले. उरलेल्या अकरांपैकी दोघे परदेशात, एकाचं घर विकायला काढलेलं, बाकीचे नुसतेच गप्प. दर रविवारी सेक्रेटरींबरोबर बसून मेसेज पाठवायचे, हा माझा त्या हिवाळ्यातला छंद. या दिवसांत मी दोनदा सगळं सोडून द्यायचं ठरवलं होतं, एकदा तर ग्रुपवर तसा मेसेज लिहून पुसला.

५ फेब्रुवारी २०२४ ला वर्क ऑर्डर दिली. त्यात एक अट घातली ती घालाच: दहा टक्के रक्कम यंत्र सुरू होऊन महिना झाल्यावर, आणि प्रयोगशाळेच्या रिपोर्टात कठीणपणा १५० च्या आत आल्यावरच. काम तीन आठवड्यांचं सांगितलं होतं, लागले सात. ओटा बांधला, तो एका बाजूला कलला, पुन्हा बांधला. २८ मार्चला सुरू झालं. बरोबर मिळालेल्या तपासणी किटने मी स्वतः पाहिलं: छोट्या बाटलीत नळाचं पाणी, त्यात चिमूटभर पूड टाकली की वाइनसारखा लाल रंग येतो, मग एकेक थेंब टाकत मोजायचे. जुन्या पाण्याला सव्वीस थेंब लागायचे. त्या दिवशी सातव्या थेंबाला रंग निळा झाला. वॉचमनदादाही बघायला आला होता, तो म्हणाला, "झालं काय मॅडम?" मला दोन मिनिटं बोलताच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो: टीडीएस मीटर, आकडा ७९०. "पाच लाख पाण्यात!" मग दुसरा मीटर, तिसरा मीटर. सॉफ्टनरने टीडीएस कमी होत नाही, कॅल्शियम जाऊन सोडियम येतं, बेरीज तेवढीच राहते, कधी किंचित वाढते, हे मी सभेत सांगितलं होतं. पुन्हा सांगितलं. तरी संध्याकाळी किट घेऊन पार्किंगमध्ये टेबल मांडून बसावंच लागलं. पंधरा-वीस जणांनी स्वतः थेंब मोजले, मग ग्रुप शांत झाला. तुम्ही हे करणार असाल तर टेबल पहिल्याच दिवशी मांडा.

पहिल्या पंधरवड्यात जुन्या पाइपांतल्या कपच्या सुटून नळाच्या जाळ्यांत अडकल्या. काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवल्या की साफ होतात. कपड्यांची पावडर निम्म्यावर आली. जुन्या मापाने टाकली तर मशीनमधून फेस बाहेर येतो, हे मी फरशी पुसत शिकले. आंघोळीला साबण निघतच नाही असं पहिले काही दिवस वाटतं, तो गेलेला असतो. काचांवरचे जुने डाग मात्र आपोआप जात नाहीत. एप्रिलअखेर रिपोर्ट आला, १४०, आणि उरलेले दहा टक्के दिले. टँकर लागले की आता प्रत्येक टँकरचे थेंब मोजतो. दोन टँकरांत दुपटीचा फरक सापडला आहे.

एक गोष्ट बिघडली. रेझिन धुतलेलं खारं पाणी ड्रेनेजमधून एसटीपीत जातं, आणि एसटीपीचं पाणी बागेला. जूनपर्यंत मोगऱ्याची पानं कडेने करपायला लागली. माळीकाकांनी मला गेटपाशी गाठून करपलेली फांदीच हातात दिली, बोलले काही नाहीत. सध्या बागेला थेट बोअरचं पाणी देतोय, जे आमच्यासारख्या टँकरवाल्या सोसायटीत बरं दिसत नाही. धुण्याचं पाणी वेगळ्या टाकीत घेऊन न्यायचं कोटेशन मागवलंय. तुम्ही वर्क ऑर्डर देण्याआधीच हे पाणी कुठे जाणार हे विचारून घ्या; आम्हा चाळीस जणांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

नवा गीझर मी एप्रिलमध्ये एकदा साफ करून घेतला होता, म्हणजे त्यानंतर जो थर साचेल तो मऊ पाण्याचाच. जानेवारी २०२५ मध्ये त्याच दुरुस्तीवाल्या दादांना मुद्दाम बोलावलं. त्यांनी प्लेट काढली, कॉइल ओढली, अंगठा फिरवला. अंगठ्यावर पिठासारखी पांढरी रेघ आली, बस. रॉड मात्र निम्मा झिजलेला. मऊ पाण्यातही तो लवकर जातो म्हणाले, दर वर्षी बघत चला. मग त्यांनी कॉइल उजेडात धरून पुन्हा एकदा पाहिली, सगळं जागेवर बसवलं आणि विचारलं, "ताई, मग बोलावलंत कशाला?" व्हिजिटचे पाचशे झालेत आता.